स्कोपची क्लिप आणि काळी जमीन: दुरुस्तीच्या टेबलावरचे अर्थिंगचे घोळ कसे शोधायचे

मोटार वाइंडिंग, मोबाईल किंवा इन्व्हर्टर दुरुस्ती करणारी तालुक्याच्या गावातली बरीच पोरं आता एक ऑसिलोस्कोप आणि ०-३० व्होल्टचा व्हेरिएबल डीसी सप्लाय घेऊन टेबल मांडतात. बरेचदा दोन्ही वस्तू जुन्या बाजारातल्या असतात. आयटीआयमध्ये ज्याला सीआरओ म्हणतात तोच हा स्कोप, व्होल्टची लाट स्क्रीनवर दाखवणारा. टेबल मांडलं की तीनपैकी एक तरी तक्रार येतेच. स्कोपच्या बॉडीला हात लागला की मुंग्या येतात. प्रोबची, म्हणजे स्कोपच्या मोजायच्या वायरीची, क्लिप सर्किटला लावली की ठिणगी उडते, नाहीतर सप्लायचे व्होल्ट धपकन शून्यावर येतात. किंवा मोजायच्या सिग्नलवर लाटांचा जाडजूड पट्टा चढलेला दिसतो. तिन्हींचं मूळ बहुधा अर्थिंगमध्ये असतं, इलाज मात्र तिन्हींचा वेगळा.

शहरातल्या लॅबसाठी लिहिलेल्या पुस्तकांत भिंतीतलं अर्थिंग चांगलं आहे असं धरूनच पुढं जातात. वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या काळ्या जमिनीवर ते धरून चालत नाही, म्हणून आपण भिंतीपासूनच सुरुवात करू.

आधी दोन गोष्टी डोक्यात पक्क्या करा

पहिली गोष्ट स्कोपची. प्रोबला एक टोक असतं आणि एक क्लिप. क्लिप मल्टिमीटरच्या काळ्या वायरसारखी दिसते, म्हणून नवीन माणूस ती ‘मायनस’ समजून कुठंही लावतो. ती मायनस नाही. क्लिप प्रोबच्या वायरीवरच्या तारांच्या जाळीला जोडलेली, जाळी बीएनसी सॉकेटच्या (स्कोपवर प्रोब जिथं लावतात त्या गोल सॉकेटच्या) बाहेरच्या धातूला, तो धातू स्कोपच्या सांगाड्याला, आणि सांगाडा पॉवर केबलमधून थ्री-पिनच्या वरच्या जाड पिनेला. म्हणजे क्लिप जिथं लावाल तो बिंदू तुम्ही थेट जमिनीला बांधला. दोन चॅनल असतील तर दोन्ही क्लिपा आतून एकच आहेत.

दुसरी गोष्ट सप्लायची. तिथं उलट कारभार आहे. पुढच्या बाजूला बहुधा तीन टर्मिनल असतात: लाल, काळं आणि हिरवं. हिरवं जमिनीला जोडलेलं. लाल आणि काळं मात्र आतल्या ट्रान्सफॉर्मरमुळं जमिनीपासून सुटे, तरंगते. काही सप्लायवर काळ्या आणि हिरव्याच्या मध्ये एक पितळी पट्टी लावून येते. ती असली की काळं टर्मिनलही जमिनीला बांधलं गेलं. ही पट्टी आहे की नाही हे सप्लाय चालू करायच्या आधी पाहायची सवय लावा. अर्धे घोळ इथंच असतात.

थोडक्यात, स्कोप जमिनीला बांधलेला आणि सप्लाय मोकळा. कोणाला मोकळं सोडायचं असेल तर ते सप्लायलाच सोडायचं, स्कोपला कधीच नाही.

पायरी १: भिंतीतलं भोक तपासा

मल्टिमीटर एसी व्होल्टच्या वरच्या रेंजवर ठेवा. वायरींचं इन्सुलेशन तडकलेलं नको, हात कोरडे हवेत, पायात चप्पल हवी. हे करताना मनात धाकधूक असेल तर गावातल्या वायरमनला बोलवा, त्यात कमीपणा नाही. सॉकेटकडं तोंड करून, अर्थचं मोठं भोक वर असताना उजवीकडं फेज आणि डावीकडं न्यूट्रल हवा. तीन रीडिंग घ्या.

फेज ते न्यूट्रल: कागदावर २३०. रब्बीत पंप जोरात चालू असले की आपल्याकडं हे १७०-१८० वर आलेलं दिसतं. लिहून ठेवा, पुढं कामी येईल.

फेज ते अर्थ: जवळपास तेवढंच यायला हवं. फारच कमी आलं, शंभरच्या आगंमागं, आणि वायर हलवली की आकडा हिंडतो, तर अर्थची वायर कुठंतरी तुटलेली किंवा मुळातच नाही. गावाकडं मिळणाऱ्या एक्सटेंशन बोर्डात हे सर्रास दिसतं. बोर्डाला भोकं तीन, आत वायर दोनच कोरची. अर्थचं भोक नुसतं दाखवायला.

न्यूट्रल ते अर्थ: एखाद-दोन व्होल्ट चालतील. इथं दोन टोकाच्या गोष्टी भेटतात. वीस-तीस किंवा त्याहून जास्त व्होल्ट आले तर डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल सैल असण्याची दाट शंका घ्या. अशा वेळी एका घरी लाईट मंद आणि शेजारी बल्ब फटाफट उडतात. ही तुमच्या टेबलावरची दुरुस्ती नाही, महावितरणकडं तक्रार नोंदवा आणि तोवर महागडी उपकरणं बंद ठेवा. दुसरं टोक म्हणजे शेगडी किंवा हीटर लावूनही आकडा ०.० वरून हलत नाही. मग सॉकेट उघडून पाहायला सांगा. कोणीतरी न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये वायरचा तुकडा टाकलेला असतो. ‘अर्थिंग देऊन टाकलं’ म्हणून पैसे घेतलेले असतात. त्याच घरात न्यूट्रल मागं तुटला, किंवा खांबावर काम झाल्यावर फेज-न्यूट्रल उलटे जोडले गेले, तर स्कोपची बॉडी, सप्लायची बॉडी, फ्रिज, कूलर, सगळ्यांवर पूर्ण २३० व्होल्ट येतात.

आता मीटरची मर्यादाही समजून घ्या. डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स बहुधा १० मेगाओहम असतो, म्हणजे २३० व्होल्टला तो फक्त २३ मायक्रोअँपिअर ओढतो. एवढा करंट जमिनीत गाडलेला अर्थिंगचा कोरडा, गंजका रॉडही देऊ शकतो. त्यामुळं फेज-अर्थ २३० आलं म्हणजे अर्थिंग ‘आहे’ एवढंच कळतं, ते वेळेवर ‘कामाचं’ आहे का हे कळत नाही. म्हणून काही जण फेज आणि अर्थच्या मध्ये शंभरचा बल्ब लावून पाहतात. तो प्रकार करू नका. अर्थिंग खराब असेल तर बल्बमधून येणारे व्होल्ट घरातल्या सगळ्या अर्थ वायरींवर चढतात, आणि तेव्हाच घरात कोणाचा तरी हात फ्रिजला लागलेला असू शकतो. नेमकं मोजायला अर्थ टेस्टर लागतो, तो लायसन्सवाल्या वायरिंग ठेकेदाराकडं मिळतो.

एक साधा हिशोब करून पाहा. समजा तुमच्या रॉडचा रेझिस्टन्स ५० ओहम आहे. फेज बॉडीला लागला तर करंट वाहील २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) एवढ्यानं जागची हलणार नाही, आणि बॉडी जिवंतच राहील. म्हणून गावात एमसीबीच्या भरवशावर राहायचं नाही, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लावायचीच. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यात तेवढा फरक पडला की ती पडते, रॉड ५० ओहमचा असो की २०० चा. टेबलावर पहिला खर्च कशावर करायचा असं कोणी विचारलं तर माझं उत्तर हेच, स्कोपच्या नव्या प्रोबच्याही आधी. मात्र तिचं टेस्ट बटण दाबून ती पडली म्हणजे अर्थिंग ठीक, असं समजू नका. ते बटण फेज आणि न्यूट्रलच्या आतच करंट फिरवतं. अर्थची वायर काढून टाकली तरी ते काम करतं.

पायरी २: अर्थिंगच्या खड्ड्याकडं एक चक्कर

काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याच्या घरात कोणाला सांगावा लागत नाही: पाणी लागलं की फुगते, वाळली की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अर्थिंगसाठी या दोन्ही गोष्टी मोलाच्या. ओली काळी माती विजेला फार चांगली. अर्थिंगसाठी बाजारात जे बेंटोनाइट विकतात ती आणि आपली माती एकाच जातकुळीची, दोन्हींत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. पण मे महिन्यात अकोल्या-चंद्रपूरकडं पारा ४५ च्या वर गेला की हीच माती रॉडपासून सुटते आणि मध्ये हवेची फट राहते. पावसाळ्यात झकास असलेलं अर्थिंग उन्हाळ्यात नुसतं नावाला उरतं. स्कोपची तक्रार मार्चनंतर सुरू झाली असेल तर आधी खड्डा पाहा, मग स्कोप.

पाइप अर्थिंगसाठी आयएस ३०४३ या मानकाप्रमाणं पाइप किमान अडीच मीटर लांबीचा लागतो. आपल्याकडं फूट-दीड फूट लोखंडी सळई ठोकून काम भागवलेलं दिसतं. एवढी सळई तर जमिनीच्या त्याच थरात राहते जो सगळ्यात आधी वाळतो. खड्ड्यात कोळसा-मीठ भरून वर पाणी ओतायला फनेल ठेवतात ते ओल टिकवण्यासाठीच, तेव्हा उन्हाळ्यात तिथं आठवड्यातून एकदा तरी दोन-चार बादल्या पाणी जाऊ द्या. न्हाणीघराचं पाणी जिथं मुरतं तिथं खड्डा घेतला तर ही आठवणही ठेवावी लागत नाही. यवतमाळकडं बऱ्याच ठिकाणी तीन-चार फुटांवर मुरूम आणि खाली काळा पाषाण लागतो, पाइप उभा जातच नाही. तिथं पाइपऐवजी धातूची पट्टी आडवी, लांब चरात गाडून घेतात. मिठानं लोखंड गंजतं, म्हणून नटबोल्टचा जोड दरवर्षी उघडून, घासून पुन्हा आवळायचा.

पायरी ३: केबल आणि पिना

आता सगळं बंद करून, प्लग भिंतीतून काढून, मीटर ओहमवर घ्या.

स्कोपच्या प्लगची जाड पिन ते बीएनसीचा बाहेरचा धातू: एक ओहमच्या आत यायला हवं. काहीच लागत नसेल तर आधी केबल बदलून पाहा. ही केबल कॉम्प्युटरच्या सीपीयूला लागते तीच असते, आयएसआय मार्कची घ्या. बाहेरदेशी प्लग असलेली केबल ‘युनिव्हर्सल’ सॉकेटात कोंबू नका, तिची अर्थची पट्टी बरेचदा कुठंच टेकत नाही.

सप्लायची जाड पिन ते हिरवं टर्मिनल: इथंही एक ओहमच्या आत. जाड पिन ते काळं टर्मिनल: पट्टी काढलेली असताना काहीच लागायला नको. पट्टी काढूनही लागत असेल तर तुमच्या सप्लायमध्ये काळं आतूनच बांधलेलं आहे. काही स्वस्त सप्लाय आणि कोणाच्या तरी हातून दुरुस्त होऊन आलेले सप्लाय असे असतात. त्यावर चिठ्ठी चिकटवा, म्हणजे पुढं गफलत होणार नाही.

इथंच एक सल्ला कानावर येतो. “पिन कायले पाहिजे भाऊ? तोडून टाक, दोन पिनेवर बी चालते.” चालतं, हे खरं आहे. पण स्कोपच्या आत मेन्सचा, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या विजेचा, फिल्टर असतो आणि त्यात फेजपासून बॉडीला एक, न्यूट्रलपासून बॉडीला एक असे छोटे कपॅसिटर असतात. पिन तोडली की हे दोघं मिळून बॉडीला मधल्या व्होल्टेजवर, साधारण ११५ वर, नेऊन ठेवतात. त्या मुंग्या याच. त्याहून वाईट म्हणजे क्लिप एखाद्या जिवंत बिंदूला लागली तर तेच व्होल्ट बीएनसीवर आणि धातूच्या प्रत्येक भागावर येतात, आणि आरसीसीबीला काही कळतही नाही, जोवर तुम्ही हात लावत नाही. मुंग्या येत असतील तर स्कोप बिघडला असं समजू नका, त्याची तिसरी वायर कुठंतरी तुटली आहे. ती शोधा.

पायरी ४: काही न जोडता चालू करा

स्कोप आणि सप्लाय दोन्ही एकाच बोर्डावर लावा, तीन कोरच्या वायरवाल्या. एक या खोलीच्या बोर्डात आणि दुसरा व्हरांड्यातल्या बोर्डात असं नको. दोन्ही चालू करा, मध्ये काहीच जोडू नका. बीएनसीचा धातू आणि सप्लायचं हिरवं यांच्यात एसी व्होल्ट मोजा. शून्याच्या जवळ हवं. तसं नसेल तर पायरी १ ते ३ मध्ये काहीतरी सुटलंय.

मग बीएनसी आणि काळं टर्मिनल. इथं मीटर चाळीस, साठ, कधी नव्वद दाखवतो आणि नवीन माणूस घाबरतो. सप्लाय तरंगता आहे, त्याच्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन वाइंडिंगमधल्या नैसर्गिक कपॅसिटन्समधून जरासा करंट झिरपतो आणि १० मेगाओहमचा मीटर तेवढ्यावरच भुलतो. खरं-खोटं करायला मीटरच्या दोन टोकांमध्ये १०० किलोओहमचा, १ वॅटचा रेझिस्टर समांतर लावा. व्होल्ट कोसळून थोडेच उरले तर ते झिरपणंच होतं, काळजी नको. जवळपास तेवढेच राहिले तर सप्लायचं इन्सुलेशन गेलेलं आहे. बंद करा, प्लग काढा, बाजूला ठेवा. एक वॅटचाच का? खरोखर २३० व्होल्ट निघाले तर त्यात अर्धा वॅट जळतो, पाव वॅटचा रेझिस्टर हातातच धूर सोडेल.

पायरी ५: मुद्दाम चूक करून पाहा

ही पायरी वगळू नका. पुस्तक वाचून जे डोक्यात जात नाही ते इथं दहा मिनिटांत जातं.

सप्लायवर ५ व्होल्ट लावा, करंट लिमिट ०.१ अँपिअरवर आणा. लाल टर्मिनलपासून १ किलोओहम, पुढं एक लाल एलईडी, मग काळं टर्मिनल. एलईडी लागेल, तीन-एक मिलिअँपिअर वाहील. लॅपटॉप वगैरे काही जोडलेलं नको.

पितळी पट्टी काढलेली ठेवून स्कोपची क्लिप लाल टर्मिनलला लावा. काहीच होत नाही. आता प्रोबचं टोक काळ्याला लावा: स्क्रीनवर उणे ५ व्होल्ट. सप्लाय मोकळा असल्यामुळं तुम्ही लालला जमिनीला बांधलं आणि काळं आपोआप खाली गेलं.

पट्टी परत लावा आणि पुन्हा क्लिप लालला. एलईडी विझते, सप्लायचा सीसी दिवा (करंट लिमिट गाठल्याचा) लागतो, व्होल्ट शून्याकडं. लालपासून क्लिप, क्लिपपासून स्कोपची अर्थ पिन, भिंत, सप्लायची अर्थ पिन, पट्टी आणि काळं, असा शॉर्ट पूर्ण झाला. ०.१ अँपिअरला काही जळत नाही. बारा व्होल्टच्या बॅटरीवर हेच केलंत तर क्लिपची वायर लाल होते, बॅटरीला कोणतीही करंट लिमिट नसते. म्हणजे बॅटरीवरच्या सर्किटमध्ये आणखी कुठून तरी अर्थ आलेला असेल तर क्लिप लावायच्या आधी दोनदा विचार करा.

तिसरा प्रयोग: पट्टी काढा. चॅनल १ ची क्लिप काळ्याला, चॅनल २ ची क्लिप रेझिस्टर आणि एलईडीच्या मधल्या जोडाला. एलईडी विझली? दोन क्लिपा आतून एकच आहेत, तुम्ही एलईडी शॉर्ट केलीत. एखाद्या दुरुस्तीच्या बोर्डावर त्या जागी एलईडीऐवजी मॉसफेट नावाचा ट्रान्झिस्टर असतो, आणि तो जाऊ शकतो.

मग रेझिस्टरच्या दोन टोकांमधले व्होल्ट पाहायचे कसे? दोन्ही क्लिपा काळ्याला, चॅनल १ चं टोक रेझिस्टरच्या एका बाजूला, चॅनल २ चं दुसऱ्या बाजूला. दोन्ही प्रोब १०एक्सवर (सिग्नल दहापट कमी करणाऱ्या सेटिंगवर), दोन्ही चॅनलचा व्होल्ट प्रति चौकोन सारखा. स्कोपच्या मॅथ (बेरीज-वजाबाकी) मेनूमध्ये चॅनल १ वजा चॅनल २ घ्या. जुन्या स्कोपला मॅथ नसतं, तिथं चॅनल २ इन्व्हर्ट करून अॅड दाबतात. साधारण ३ व्होल्ट दिसायला हवेत. मोठ्या सिग्नलवर चढलेला अगदी बारीक फरक या पद्धतीनं नीट दिसत नाही, पण रोजच्या कामाला पुरते.

पायरी ६: स्क्रीनवरच्या लाटा ओळखा

टाइमबेस ५ मिलिसेकंद प्रति चौकोन ठेवा. एक लाट चार चौकोनांत बसली तर ५० हर्ट्झ, दोन चौकोनांत बसली तर १०० हर्ट्झ. ट्रिगर सोर्स (स्कोपनं लाट कशाच्या तालावर धरायची ते) ‘लाईन’ वर टाकून पाहा: लाट जागच्या जागी थांबली तर ती मेन्समधूनच येते आहे.

आधी प्रोबचं टोक तिच्याच क्लिपला लावा. इथंच लाटा दिसत असतील तर प्रोब किंवा केबल संशयित, सर्किट नव्हे. त्यानंतर क्लिप सर्किटच्या कॉमनला आणि टोकही त्याच ठिकाणी, अगदी शेजारी. दोन्ही एकाच बिंदूवर आहेत, तरी ५० हर्ट्झ दिसतंय, तर तो अर्थ लूप. एकाच सर्किटला जमिनीचे दोन रस्ते मिळालेत, एक क्लिपमधून आणि दुसरा पट्टीतून नाहीतर दुसऱ्या एखाद्या उपकरणातून, आणि त्या वेढ्यात करंट फिरतो आहे. एकेक रस्ता काढत जा: पट्टी काढा, दुसरी क्लिप काढा, चार्जर काढा. ज्या क्षणी लाट बसते तो रस्ता गुन्हेगार. सप्लायच्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन ठेवल्या तरी पुष्कळ फरक पडतो.

१०० हर्ट्झ दिसलं तर अर्थिंगच्या मागं लागू नका. पूर्ण लहरीच्या रेक्टिफायरनंतरचा (एसीचं डीसी करणाऱ्या भागानंतरचा) तो रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लाट, आहे, आणि आपल्याकडं त्याचं नेहमीचं कारण म्हणजे कमी दाब. भिंतीत १७० व्होल्ट आले की साधा ट्रान्सफॉर्मरवाला सप्लाय २८ व्होल्ट लोडवर टिकवू शकत नाही, रेग्युलेटर दम सोडतो आणि रिपल आउटपुटवर उतरतो. पायरी १ मधलं रीडिंग इथं कामी येतं. नॉब १२ व्होल्टवर आणा, रिपल गायब झाला तर सप्लाय धडधाकट आहे. लाईट गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर काम करत असाल तर आणखी एक: स्वस्त इन्व्हर्टरची लाट चौकोनी असते, तिच्या प्रत्येक कडेला स्क्रीनवर काटा उभा राहतो. न्यूट्रल-अर्थचं रीडिंगही इन्व्हर्टरवर बदलू शकतं. नाजूक मोजमाप लाईनवरच करा.

सिग्नलच्या कडेनंतर बारीक थरथर दिसली तर ती बहुधा क्लिपच्या लांब वायरीची. पंधरा सेंटीमीटर वायरीचं इंडक्टन्स साधारण १५० नॅनोहेन्री, प्रोबच्या टोकाची कपॅसिटन्स दहा-बारा पिकोफॅरड, दोघांचा मेळ १०० मेगाहर्ट्झच्या आसपास घुमतो. प्रोबच्या पिशवीत एक छोटी स्प्रिंग येते, लोक ती फेकून देतात. क्लिप काढून ती प्रोबच्या गळ्याला लावा आणि तिनं जवळचाच ग्राउंड टेकवा.

लॅपटॉप, यूएसबी आणि न दिसणारा अर्थ

आर्डुइनो किंवा ईएसपी३२ चा (प्रोग्राम टाकायचा छोटा) बोर्ड लॅपटॉपला यूएसबीनं जोडला आणि लॅपटॉपचा चार्जर तीन पिनेचा असला, तर बऱ्याच चार्जरमध्ये बोर्डाचा ग्राउंड तिथूनच जमिनीला बांधला जातो. तुम्ही पट्टी काढली म्हणून निश्चिंत, आणि क्लिप लावता ५ व्होल्टला. शॉर्ट यूएसबी पोर्टमधून होतो. चार्जर दोन पिनेचा असेल तर उलटा प्रकार: बोर्डाचा ग्राउंड मुंग्या आणणाऱ्या व्होल्टवर तरंगत असतो आणि क्लिप लावताना बारीक ठिणगी पडते. दोन्ही वेळी उपाय साधा, मोजताना चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. खिशातले बॅटरीवाले छोटे स्कोपही चांगले, पण चार्जिंगला लावले की तेही मोकळे राहत नाहीत.

ज्या बोर्डांना क्लिप लावायचीच नाही

एलईडी बल्बचे बहुतेक ड्रायव्हर, पंपाच्या काही ऑटो स्विचचे बोर्ड आणि प्रत्येक एसएमपीएसची (चार्जरमध्ये असतो तसल्या स्विचिंग सप्लायची) मेन्सकडची बाजू. यांच्यात ट्रान्सफॉर्मर मध्ये नसतो, ब्रिज रेक्टिफायर सरळ लाईनवर बसलेला असतो. त्याचा ‘मायनस’ प्रत्येक उलट्या अर्ध्या लहरीत एका डायोडमधून फेजला जोडला जातो, आणि २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्टचं असतं. तिथं क्लिप लावली की फेज, डायोड, क्लिप, जमीन. आरसीसीबी असेल तर पडेल. नसेल आणि अर्थिंग वाळलेलं असेल तर डायोड जाईल, किंवा जाईपर्यंत दुकानातल्या सगळ्या बॉड्या जिवंत होतील.

असा बोर्ड पाहायचाच असेल तर २३०:२३० चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (ज्याची दुसरी बाजू लाईनपासून सुटी असते तो) बोर्डाला लावा, स्कोपला नाही. स्कोप भिंतीतच राहू द्या. ट्रान्सफॉर्मरची दुसरी बाजू कुठंही जमिनीला जोडायची नाही, क्लिप एकच लावायची. एकदा क्लिप लावली की तो बोर्ड पुन्हा जमिनीच्या हिशोबात येतो, त्याचा दुसरा कुठलाही बिंदू शॉक देऊ शकतो, आणि आता आरसीसीबी तुम्हाला वाचवणार नाही, कारण ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचा फरक तिला दिसत नाही. म्हणून बोर्ड बंद असताना प्रोब बांधा, मग चालू करा, एक हात मागं ठेवून. सुरुवातीचे सहा महिने हे काम कोणाच्या तरी देखरेखीखालीच केलेलं बरं.

झटका मशीन दुरुस्तीला आलं तर

रानडुकरं आणि रोह्यांमुळं आता गावोगावी शेताच्या कुंपणाला झटका देणारी सोलर झटका मशीन आहेत, आणि पेरणीच्या तोंडावर ती दुरुस्तीला येतातच. कुंपणात थेट २३० व्होल्ट सोडणं हा गुन्हा आहे आणि त्यानं माणसं मेली आहेत, त्या ‘दुरुस्ती’ला सरळ नाही म्हणा. खरं मशीन बारा व्होल्टवरून एक कपॅसिटर काहीशे व्होल्टला भरतं आणि साधारण सेकंदाला एकदा तो पल्स ट्रान्सफॉर्मरमध्ये रिकामा करतं. बाहेर काही हजार व्होल्टचा, अगदी क्षणाचा ठोका निघतो. साधा १०एक्स प्रोब तिथं चालत नाही. प्रोबवर कमाल व्होल्ट छापलेले असतात, बऱ्याच प्रोबवर ६०० च्या आसपास, ते आधी वाचा.

मशीन बंद करून कपॅसिटर १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरनं काही सेकंद रिकामा करा आणि मीटरनं खात्री करा. पल्स ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरच्या वायरी, कुंपणाची आणि अर्थची दोन्ही, बोर्डापासून सोडवा आणि टोकं टेप करून दूर ठेवा. मशीनचं अर्थ टर्मिनल दुकानाच्या अर्थला लावायचं नाही. शेतात त्याला स्वतःचा वेगळा रॉड असतो तो त्याचसाठी. काही मशीनमध्ये ते टर्मिनल बॅटरीच्या मायनसला आतून जोडलेलं असतं, मीटरनं पाहून घ्या. मग पितळी पट्टी काढलेल्या सप्लायवर १२ व्होल्ट, क्लिप बॅटरीच्या मायनसला, आणि टोक फक्त ट्रिगरच्या बाजूला (कपॅसिटर रिकामा करायचा इशारा देणाऱ्या भागाला). सप्लायचा सीसी दिवा दर सेकंदाला डोळा मारत असेल तर अर्थिंगचा दोष नाही, कपॅसिटर भरताना मशीन जास्त करंट ओढतं एवढंच. लिमिट थोडी वाढवा.